दरसाल एक गुल्डन

ऑग्सबुर्ग, जर्मनी,
२ मार्च

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि घाईघाईत मला काही धड सांगता येत नाही, म्हणून पत्रच लिहायला बसले. मागच्या रविवारी बाबांनी विचारलं होतं, "तुझ्या त्या गावात बघण्यासारखं आहे तरी काय?" मी म्हटलं, गरिबांची एक वाडी आहे. आईला वाटलं मी चेष्टा करते आहे. चेष्टा नव्हती. या गावात सोनेरी छताचा दरबार आहे, मोठमोठी चर्चं आहेत, कारंजी आहेत. ती सगळी एकेकदा बघून झाली. पण तीन वर्षांत पुन्हा पुन्हा जाऊन बसले ती या वाडीत. आणि तिथून परतताना दर वेळी मला आपली आत्या आठवते. का, ते पुढे येईल. पत्र आत्यालाही वाचून दाखवा, फक्त शेवटचं पान आधी तुम्ही दोघांनी वाचा.

वाडीचं नाव फुगराय. गावाच्या ज्या भागात ती आहे तिथे पूर्वी विणकर आणि हातावर पोट असलेली माणसं राहायची. चारी बाजूंनी भिंत, भिंतीला दरवाजे, आत सरळ गल्ल्या आणि गल्लीच्या दोन्ही अंगांना एकसारखी दुमजली घरं. पिवळ्या भिंती, त्यांवर चढलेले वेल, वर तांबडी कौलं. पहिल्यांदा गेले तेव्हा ती कौलं बघूनच पाय थबकले होते. एकूण ६७ घरं, त्यांत १४० बिऱ्हाडं, आणि आजच्या घडीला दीडशेच्या आसपास माणसं तिथे नांदतात. एक-दोन घरं तेवढी लोकांना बघायला ठेवली आहेत, बाकी सगळीकडे रोजचा संसार चालू असतो. खिडकीत कुंड्या, दारात सायकल, आतून भांड्यांचा आवाज.

ही वाडी पाचशे वर्षांहून जुनी आहे. याकोब फुगर नावाच्या इथल्या सावकाराने ती बांधली. १५१४ मध्ये जागा घ्यायला सुरुवात केली, १५२१ च्या २३ ऑगस्टला दानपत्र झालं आणि १५२३ पर्यंत ५२ घरं उभी राहिली. भाडं ठरलं दरसाल एक ऱ्हाइनी गुल्डन, म्हणजे तेव्हाचं सोन्याचं नाणं. त्या काळी मजुराला तेवढी रक्कम जमवायला काही आठवडे राबावं लागे, म्हणजे अगदीच नावापुरतं नव्हतं. पण त्यानंतर ते भाडं कधी वाढलंच नाही. राज्यं गेली, नाणी बदलली, आणि त्याच एका गुल्डनचे आजच्या हिशेबाने ८८ सेंट होतात, म्हणजे एक युरोही नाही. बाबा, महिन्याचे नव्हेत, वर्षाचे. हीटिंग आणि विजेचा खर्च ज्याचा त्याने करायचा. बाहेरच्या माणसाला आत जायला तिकीट लागतं, आणि माझं एका दिवसाचं तिकीट त्यांच्या कितीतरी वर्षांच्या भाड्याइतकं होतं!

पैशाखेरीज आणखी एक भाडं आहे. राहणाऱ्याने रोज तीन प्रार्थना म्हणायच्या, फुगर घराण्यातल्या माणसांच्या आत्म्यासाठी. म्हटली की नाही हे कुणी तपासायला येत नाही, ते ज्याच्या त्याच्या मनावर. आत घर मिळायला अटी तीन: माणूस याच गावचा हवा, गरजू हवा आणि कॅथलिक हवा. तिसरी अट मला खटकते, ते लपवत नाही. ज्या गावात कॅथलिक आणि ल्यूथरचे प्रोटेस्टंट अनुयायी पिढ्यान् पिढ्या शेजारी शेजारी राहिले, तिथे निम्म्या गरिबांना या दारातून आत जाता येत नव्हतं. पण दानपत्रात लिहिलं ते लिहिलं, आणि पाचशे वर्षं ते तसंच पाळलं गेलं आहे, भाड्याचं कलमही आणि हेही.

वाडीच्या दरवाजावर लॅटिनमध्ये एक शिळा आहे, १५१९ सालची. त्यात याकोबने स्वतःच्या नावाबरोबर उलरिख आणि गेओर्ग या दोन भावांचीही नावं घातली आहेत. दोघंही तोवर वारले होते. शिळेवरचा आशय असा: आपण या नगराच्या भल्यासाठी जन्मलो आहोत आणि मिळालेली संपत्ती देवाकडून आलेली आहे, तेव्हा ती परत केली पाहिजे, असं मानून आम्ही भावांनी १०६ घरं (म्हणजे बिऱ्हाडं) आपल्या गावच्या सरळमार्गी, कष्टाळू, पण दारिद्र्याने गांजलेल्या लोकांना दिली. बाबा, यातला 'कष्टाळू' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. ही वाडी भिकाऱ्यांसाठी नव्हती. भीक मागणाऱ्याला चर्चच्या पायऱ्यांवर काहीतरी मिळायचंच. पण जो काल-परवापर्यंत माग चालवत होता, ज्याचा हात मोडला, बायको आजारी पडली, धंदा बसला, आणि ज्याला रस्त्यावर जाऊन हात पसरणं मरणाहून वाईट वाटतं, त्याचं काय? अशा माणसांसाठी जर्मन भाषेत एक जुना शब्दच आहे. त्याचा अर्थ होतो घरातल्या घरात गरीब. आपल्याकडे आपण म्हणतो ना, झाकली मूठ. त्या झाकल्या मुठीचे गरीब. फुगरने घरं बांधली ती त्यांच्यासाठी.

आणि म्हणूनच भाडं. एक गुल्डन घेऊन फुगरच्या तिजोरीत काय भर पडणार होती? पण ते भरणारा माणूस वाडीत शिरताना आश्रित म्हणून शिरत नव्हता, भाडेकरू म्हणून शिरत होता.

माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीची मावशी तिथे राहते. तिच्यामुळे मला एक घर आतून बघता आलं. साठेक चौरस मीटरची जागा. स्वयंपाकघर, बसायची खोली, निजायची खोली. बहुतेक घरांत दोनच बिऱ्हाडं, एक खाली, एक वर. खालच्यांना मागे चिमूटभर बाग, वरच्यांना माळा. यात सगळ्यात शहाणपणाची गोष्ट मला दिसली ती दारांची. खालच्या आणि वरच्या बिऱ्हाडाला रस्त्यावर उघडणारं आपापलं वेगळं दार आहे. वरच्याला खालच्याच्या ओटीवरून जावं लागत नाही. कोण कधी आलं, कुणाकडे कोण आलं, पिशवीत काय आणलं, हे दुसऱ्याच्या नजरेखालून जात नाही. पाचशे वर्षांपूर्वी गरिबांची घरं बांधताना हा विचार कुणीतरी केला.

आणि घंटा! प्रत्येक दारापाशी ओढायची लोखंडी घंटा आहे आणि तिची मूठ प्रत्येक दाराला निराळ्या आकाराची. रस्त्यावर दिवे नव्हते तेव्हा अंधारात घरी येणाऱ्याने नुसतं चाचपून आपलं दार ओळखावं, म्हणून. मावशींनी मला डोळे मिटून त्यांच्या दाराची मूठ ओढायला लावली. मग शेजारच्या दाराची. खरंच, हाताला लगेच कळतं.

रात्री दहाला वाडीचे दरवाजे बंद होतात, आजही. त्यानंतर आलं की रखवालदाराला पन्नास सेंट द्यायचे, मध्यरात्र उलटली तर एक युरो. रखवालदार, बागकाम करणारे, तिकिटं देणारे, यांतली बरीचशी कामं वाडीतलीच माणसं करतात. मावशींना मी विचारलं, इतक्या पर्यटकांनी खिडकीतून डोकावलेलं कसं चालतं? त्या म्हणाल्या, त्रास होतो, उन्हाळ्यात पडदा लावूनच बसते, पण मी इथे कुणाच्या मेहेरबानीवर राहत नाही, भाडं भरते. हे म्हणताना त्या खुर्चीत जरा ताठ बसल्या. बाबा, ८८ सेंटांत ते ताठ बसणं येतं.

या वाडीत राहून गेलेल्यांत एक नाव ऐका. फ्रान्ट्स मोझार्ट. संगीतकार मोझार्टचा पणजोबा. तो गवंडी होता, चांगला कारागीर. सांगतात असं, की त्याने फाशी देणाऱ्याच्या हाताखालच्या माणसाचं प्रेत पुरलं. ते काम आणि ते प्रेत दोन्ही अपवित्र मानली जात. कारागिरांनी त्याला वाळीत टाकलं, कामं बंद झाली आणि १६८१ मध्ये तो इथे आला. १६९४ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. त्याच्या घरावर पाटी आहे. वाळीत टाकणं म्हणजे काय हे आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांना वेगळं सांगायला नको. त्या पाटीपुढे मी बराच वेळ उभी होते.

आता दात्याबद्दल. बाबा, हे तुम्हाला मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण ही गोष्ट फिरत फिरत आपल्या दाभोळच्या धक्क्याशी येते.

फुगरांचा मूळपुरुष हान्स हा विणकर. १३६७ मध्ये जवळच्या एका खेड्यातून तो या गावात आला. तीन पिढ्यांत कापडातून व्यापार आणि व्यापारातून सावकारी उभी राहिली. याकोब १४५९ चा. तरुणपणी व्हेनिसला जाऊन तो हिशेब शिकला. मग टिरोलची चांदी, हंगेरीचं तांबं, राजांना कर्जं. फेड म्हणून खाणींचं उत्पन्न. १५१९ मध्ये स्पेनचा राजा चार्ल्स जर्मन सम्राटपदाच्या निवडणुकीला उभा राहिला तेव्हा मतं मिळवायला साडेआठ लाख गुल्डन लागले. त्यांतले पाच लाखांहून जास्त एकट्या फुगरचे. म्हणजे ज्या वर्षी त्या शिळेवर अक्षरं कोरली जात होती त्याच वर्षी तो सम्राट घडवत होता. चार वर्षांनी परतफेड रखडली तेव्हा त्याने सम्राटाला सरळ पत्र लिहून आठवण दिली, की माझ्या मदतीवाचून हा मुकुट आपल्याला मिळाला नसता. सावकाराने सम्राटाला असं लिहायचं!

पापमुक्तीची पत्रं विकण्याचा जो धंदा रोमच्या नावाने चालला होता, ज्याच्याविरुद्ध ल्यूथर उभा राहिला, त्यातही फुगर होता. माइन्झच्या आर्चबिशपने पद मिळवायला त्याच्याकडून कर्ज काढलं होतं आणि त्या पत्रांच्या विक्रीतला निम्मा पैसा ते कर्ज फेडायला जात होता. १५१८ मध्ये ल्यूथरला चौकशीसाठी याच गावात बोलावलं, आणि चौकशी झाली ती फुगरच्याच वाड्यात. १५२५ मध्ये शेतकऱ्यांनी उठाव केला, तो मोडायला जे सैन्य गेलं त्यालाही फुगरचा पैसा होता. इकडे शंभर गरीब कुटुंबांना छप्पर, तिकडे हे. मी हे वाचत गेले तसतशी माझ्या मनातली त्या वाडीची शांतता ढवळून निघाली.

मग ते पान आलं. १५०५ मध्ये लिस्बनहून एक मोठं आरमार हिंदुस्थानकडे निघालं. त्यातली तीन जहाजं मिरी आणायला जर्मन व्यापाऱ्यांच्या पैशाने सजवलेली होती. वेल्झर घराण्याचा त्यात मोठा वाटा, आणि फुगरांचाही वाटा होता. वाटेत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर या आरमाराने किलवा घेतलं, मोंबासा लुटून जाळलं. मग मलबारची मिरी भरून ती जहाजं १५०६ मध्ये परत गेली आणि व्यापाऱ्यांना भरघोस नफा झाला. आरमाराचा प्रमुख कोण होता, बाबा? फ्रान्सिस्को द आल्मेदा.

तुमच्या तोंडून हे नाव मी किती वेळा ऐकलं आहे. आम्हा भावंडांना धक्क्यावर बसवून, समोर वाशिष्ठीच्या मुखाकडे बोट दाखवून तुम्ही सांगायचात: चौलच्या लढाईत आल्मेदाचा मुलगा पडला, त्याचा सूड म्हणून १५०८ च्या डिसेंबरअखेर तो दाभोळवर उतरला, कापाकापी केली आणि बंदर जाळलं. पोरं-बायकाही सोडली नाहीत. तुम्ही सांगताना तुमचा आवाज खाली जायचा. आता तो जर्मन पैसा दाभोळ जाळायला आला होता असं मी म्हणत नाही. ती तीन जहाजं मिरी घेऊन दोन वर्षं आधीच परतली होती. पण ज्या माणसाने आपलं बंदर जाळलं, त्याच माणसाच्या आरमारात या वाडीच्या मालकाचे पैसे गुंतले होते, आणि मोंबासाच्या आगीतून ती जहाजं गेली होती, हे खरं आहे. त्या दिवशी मी वाडीत गेले नाही. पुढचे दोन महिने गेले नाही.

नंतर गेले. मावशींच्या दाराची मूठ ओढली, त्यांनी कॉफी दिली, गुडघ्याचं दुखणं सांगितलं. आल्मेदा त्यांना माहीत नाही. मी सांगितलं. त्या गप्प ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, फुगरच्या आत्म्यासाठी मी रोज प्रार्थना करते, ती त्याला लागणारच होती. बाबा, तुम्हाला हे पुरेसं वाटेल की नाही मला माहीत नाही. मला त्या दिवशी तेवढं पुरलं. पैसा कुठून आला ते विसरायचं नाही, आणि त्या पैशातून उभं राहिलेलं दार बंद व्हावं असंही वाटत नाही. या दोन्ही गोष्टी मी एकाच मनात घेऊन तिथे बसते.

फुगरांच्या हिशेबाच्या वह्यांत संत उलरिखच्या नावाचं एक खातं असे. उलरिख या गावाचा रक्षक. म्हणजे धंद्यात देवाची पाती होती म्हणा ना. वाडीचा पैसा आधी फुगरांच्या पेढीतच ठेवलेला असायचा आणि व्याजावर खर्च भागायचा. याकोब १५२५ मध्ये वारला. मूलबाळ नव्हतं, पुतण्या आंतोनने कारभार हाती घेतला. पेढी आणखी मोठी झाली आणि राजांना दिलेल्या कर्जांतच बुडत गेली. स्पेनच्या राजाने १५५७ मध्ये हात वर केले, नंतरही तेच. सतराव्या शतकाच्या मध्याला पेढी संपली. ज्या सावकारापुढे सम्राट ओशाळा होता त्याची गादी शंभर-सव्वाशे वर्षांत गेली, आणि एक गुल्डन भाड्याची वाडी राहिली.

ती राहिली याचं कारण जमीन. न्यासाचा पैसा पेढीतून काढून हळूहळू शेतीत आणि जंगलात घातला गेला. आज न्यासाकडे तीन हजार हेक्टरांहून जास्त जंगल आहे आणि वाडीचा बराचसा खर्च लाकडाच्या उत्पन्नातून निघतो. १९२३ मध्ये जर्मनीत पैशाची माती झाली, पाव आणायला पिशवीभर नोटा लागायच्या, तेव्हा रोख रकमेवर चालणारे कितीतरी धर्मादाय न्यास बुडाले. झाडांना त्याची खबर नव्हती. ती वाढतच होती. आजोबा आपल्या आंब्यांबद्दल नेमकं हेच म्हणायचे, आठवतं?

वाडीवर संकटं दोनदा आली. तीस वर्षांच्या युद्धात १६३२ मध्ये स्वीडिश सैन्य गावात शिरलं, तेव्हा राहणाऱ्यांना घालवून दिलं गेलं आणि घरांची नासधूस झाली. पुढे ती पुन्हा उभी केली. दुसरं संकट १९४४ चं. २५ फेब्रुवारीची रात्र. हिटलरचं राज्य, इंग्रजांची विमानं, आणि थंडी अशी की आगीवर मारायचं पाणी नळीत गोठत होतं. वाडीच्या आवारातच एक बंकर बांधलेला होता. त्यात शिरलेली माणसं वाचली. सकाळी वर आली तेव्हा वाडीचा दोन तृतीयांशाच्या आसपास भाग उरला नव्हता. त्या बंकरमध्ये आता त्या रात्रीचं प्रदर्शन आहे. जाड भिंती, बुटकं छत. मी आत गेले आणि पाच मिनिटांत बाहेर आले, जास्त थांबवलं नाही.

पण मला सांगायची आहे ती त्यानंतरची गोष्ट. १ मार्च १९४४, म्हणजे कालचीच तारीख. गाव अजून धुमसत होतं, युद्ध संपायला सव्वा वर्ष होतं, उद्या कोण जिवंत असेल याची खात्री नव्हती. आणि फुगर घराण्याच्या तीन शाखांच्या प्रमुखांनी ठराव केला, की वाडी पुन्हा बांधायची. त्या तिघांपैकी योझेफ एर्न्स्ट फुगर याला त्याच वर्षी हिटलरविरोधी गटाशी संबंध ठेवल्याबद्दल पकडून तुरुंगात टाकलं. युद्ध संपल्यावर १९४५ मध्येच दुरुस्ती सुरू झाली. जुन्या नकाशाबरहुकूम घरं पुन्हा उभी केली, शेजारच्या पडक्या जागा घेऊन वाडी वाढवलीसुद्धा. भाडं तेवढंच. त्यांना सहज म्हणता आलं असतं, की आता जळलीच आहे, न्यास गुंडाळू या, जागा विकू या. कुणी बोल लावला नसता. घराण्यातली माणसं आजही तिचा कारभार बघतात, मूळ याकोबपासून कितव्या तरी पिढीची.

आता आत्याचं.

बाबा, रागावू नका. आत्या आपल्याकडे आली त्याला सात वर्षं होतील. काका गेले, मुंबईची खोली गेली, आणि तुम्ही एका शब्दाने न विचारता स्वतः जाऊन तिला घेऊन आलात. आईने मागच्या पडवीतली खोली सारवून, चुना काढून तयार ठेवली होती. तुमच्यासारखी माणसं मी इथेही फार बघितली नाहीत. पण दर महिन्याच्या एक तारखेला आत्या देव्हाऱ्याखाली तीनशे रुपये ठेवते आणि संध्याकाळपर्यंत तुम्ही ते तिच्या उशाखाली परत ठेवता. "भावाच्या घरात बहीण भाडं देते होय?" असं तुम्ही म्हणता, आणि ती काही बोलत नाही. मग त्या पैशांचं ती धाकट्याला वह्या-पेन आणते, आईला पातळ आणते, कशात ना कशात घालवतेच. आमसुलं वाळवून, फणसपोळ्या करून मिळवलेले पैसे आहेत ते. मागच्या सुट्टीत मी तिला विचारलं होतं, स्वतःसाठी काही का घेत नाहीस? ती म्हणाली, "बाय, खाल्लेलं अंगी लागायला हवं ना." तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. इथे, मावशी खुर्चीत ताठ बसल्या तेव्हा कळला.

ते पैसे घ्या, बाबा. परत ठेवू नका. तीनशे जास्त वाटत असतील तर तुम्ही दोघं भावंडं बसून आकडा ठरवा, दहा रुपये ठरवा, पण ठरवा आणि एक तारखेला तिच्या हातातून घ्या. वहीत लिहा. त्या वहीला घरात कुणी हसायचं नाही, हे धाकट्याला मी सांगेन.

आणि एक दार. आत्याला बाहेर पडायचं तर माजघरातून, स्वयंपाकघरातून, ओटीवरून जावं लागतं. ओटीवर तुमची माणसं बसलेली असली की ती परत फिरते, हे मी पाहिलं आहे. तिची मैत्रीण यायची म्हटली तरी तिला तोच रस्ता. पडवीच्या मागच्या भिंतीला आगराकडे उघडणारं दार पाडता येईल. भिंत चिऱ्याची आहे, पण जुनी खिडकी आहे तिथे खालचे चार-पाच चिरे काढले की चौकट बसेल. जुन्या गोठ्याचं फणसाचं लाकूड माळ्यावर पडूनच आहे. सुताराची आणि गवंड्याची मजुरी मी पाठवते, ती मात्र तुम्ही परत पाठवायची नाही. पावसाआधी झालं तर बरं, म्हणून आत्ता लिहिते. दाराबाहेर दोन पायऱ्या आणि वर थोडी पन्हळ घालावी लागेल, पाणी आत येणार नाही असं बघायला सांगा.

माझी तब्येत बरी आहे. इथला बर्फ आता ओसरला आहे. आईने पाठवलेलं मेतकूट अजून पुरतं आहे. आईच्या डोळ्यांची तपासणी लांबणीवर टाकू नका.

आत्याला साष्टांग नमस्कार. धाकट्याला आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुमची,
बाय

ता. क. गणपतीला येताना दारासाठी एक ओढायची घंटा घेऊन येणार आहे. मूठ कोणत्या आकाराची हवी, ते आत्याला विचारून कळवा. तुम्ही ठरवू नका.